रिकामा रकाना

सुहास गेल्याचं मला आमच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवरून कळलं. चष्मा पुसून पुन्हा वाचेपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही काहीतरी लिहायला गेलो, तर 'भा' टाइप करताच फोनने आपणहून 'भावपूर्ण श्रद्धांजली' पुढे केलं. नुसतं बोट लावायचं काम. मला त्या फोनची किळस आली... आणि पाठोपाठ वाटलं, हे सुहासला सांगायला हवं. असल्या गोष्टींवर चिडायला त्याला मनापासून आवडायचं.

डिलाईल रोडच्या चाळीत आम्ही एकाच मजल्यावर वाढलो. पुढे तो कॉम्प्युटरच्या नोकरीत शिरला, लग्नानंतर प्रभादेवीला गेला, पण रविवारी सकाळी शिवाजी पार्कला आमच्या फेऱ्या ठरलेल्या. लिफ्टचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो काही वर्षं होता. तिथे ब्रेकची प्रत्येक पिन बाहेर पडण्याआधी मोजायची असते, आणि त्या तपासणीच्या नोंदींसाठी डेटाबेस रचायचं काम त्याच्याकडे आलं. मी विमा कचेरीत जन्म घालवलेला, मला टेबल म्हणजे लाकडाचं एवढंच ठाऊक. तेव्हा कट्ट्यावर बसून, खिशातल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर चौकोन काढत त्याने मला समजावलं. "चाळीत कसं, खोली नंबर बावीस म्हटलं की झालं. पोस्टमनला अख्खं खानदान सांगायला लागत नाही. तसा प्रत्येक पिनेला नंबर. पिन कसली, किती मापाची हवी, ते एका टेबलात एकदाच लिहायचं. कोणी तपासली, कधी तपासली, ते दुसऱ्यात. माप काय आलं, ते तिसऱ्यात. नंबर धरून तिन्ही जोडायची."

"आणि मापच घेतलं नसेल तर?" मी उगाच विचारलं.

त्याचा चेहरा एकदम खुलला. "तर रकाना रिकामा. शून्य नाही, 'ठीक' नाही, रिकामा. म्हणजे हे अजून कोणी बघितलेलंच नाही. एवढं कळलं ना तुला, बाकी सगळी कारकुनी रे."

हे खूळ त्याने घरीही आणलं. वृंदावहिनींनी विचारावं, आमटीत मीठ ठीक आहे ना, तर हा म्हणणार, "अजून चाखली नाही." कसा आहेस म्हटलं की, "अजून बघितलं नाही." माझ्या मुलाच्या लग्नात व्याह्यांनी हात जोडून विचारलं, जेवण ठीक झालं ना? तर हा पठ्ठ्या म्हणतो, "पान वाढायचंय अजून." मी त्याला कोपराने ढोसलं. वैताग होता तो.

कंपनीच्या मालकाला मात्र ते रिकामे रकाने डोळ्यांत खुपायला लागले. गिऱ्हाइकाला रिपोर्ट दाखवताना भोकं दिसतात म्हणे. त्याचं म्हणणं, रकान्यात आधीपासूनच 'ठीक' भरलेलं असू दे, पिन वाईट निघाली तर तपासणारा माणूस ते बदलेल. "म्हणजे माणूस चहाला गेला तरी पिन पास," सुहास म्हणाला, आणि त्याने ते केलं नाही. आधी गोड बोलून झालं, मग त्याच्याकडून काम काढून घेतलं, शेवटी राजीनामाच घेतला. कँटीनमध्ये त्याची पाठ थोपटणारे सगळे मीटिंगमध्ये टेबलाकडे बघत बसले. मला मालकापेक्षा त्यांची शिसारी जास्त आली, अजूनही येते. त्या रविवारी सुहासने पार्कात एक फेरी जास्तच मारली. गेटपाशी आल्यावर एवढंच म्हणाला, "लिफ्टला काय माहीत, 'ठीक' कोणी लिहिलंय ते."

गेल्या महिन्यात दादरच्या एका हॉलमध्ये त्याची शोकसभा झाली. मालक आला. कडक इस्त्री, हातात भलामोठा हार. कोणी बोलावलं नसताना माइकपाशी गेला. "सुहासरावांनी उभारलेली सिस्टीम आजही आमच्याकडे चालते," म्हणाला. "आणि अभिमानाने सांगतो, आज तिच्यात एकही रकाना रिकामा नसतो."

माना डोलल्या. शोकसभेत दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ज्या एका गोष्टीसाठी माझ्या मित्राने नोकरी घालवली, तीच पुसून हा माणूस त्याच्याच फोटोपुढे मिरवत होता.

पुढच्या खुर्चीवरून वहिनींनी शांतपणे विचारलं, "एकही नाही?"

"एकही नाही, वहिनी."

"मग ती ह्यांची नव्हे. तिला ह्यांचं नाव लावू नका."

मालक हसला. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं समजून घेणारं ते हसू होतं. मग त्याने सावकाश चहा घेतला, रिकामा कप खुर्चीखाली सरकवला आणि गेला. परळच्या आमच्या टॉवरमध्ये मी अकराव्या मजल्यावर राहतो. लिफ्टचं दार बंद झालं की हल्ली मला ते हसू दिसतं.

परवाच्या रविवारी पार्काकडे पाय वळेनात, म्हणून सरळ प्रभादेवीला गेलो. वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. तेवढ्यात शेजारीण दारातून डोकावली. "आता ठीक आहात ना?" तिला उत्तर नकोच होतं, ती वळलीसुद्धा होती.

"अजून बघितलं नाही," वहिनी म्हणाल्या.

शेजारीण घुटमळली, मग निघून गेली. वहिनी उठल्या, आमटी ढवळली, पळीतून थोडी माझ्या तळहातावर घातली. "भावोजी, चाखून सांगा."

मी चाखली. मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं.