सातवी सळई

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, कॉलेजात भूगोलाच्या प्रयोगशाळेत शिपाई आहेत. नकाशे काढून द्यायचे, गुंडाळून ठेवायचे. लग्न केलं नाही. घरामागच्या उतारावर त्यांनी बारा लोखंडी सळया ठोकल्यात. अकरा वर्षं दर महिन्याला पट्टी लावून बघतात, कुठली किती उघडी पडली. जेवढी उघडी, तेवढी माती उतारावरून गेली.

हे म्हणतात, "टेकडी पळून जाऊ नये म्हणून आमचा पहारेकरी!"

"पळतेच आहे, दादा. पण भांडी घासायची वेळ आली की तू पळतोस, तशी नाही. सावकाश."

गेल्या महिन्यात देवाची फुलं काढताना सातवी सळई माझ्या घोट्याला लागली. रक्त आलं. रागाच्या भरात दगड घेतला आणि चार घाव घातले. सळई जवळजवळ जमिनीत गेली.

गेल्या रविवारी सळया मोजून भाऊजी धावतच आत आले. "वहिनी, सातवीपाशी माती साठलीय! अकरा वर्षांत पहिल्यांदा!" एवढ्या आनंदात माणूस दगडाचे ओरखडे कशाला बघतो? त्यांच्या भूगोलाच्या सरांनाही नवल वाटलं. पुढल्या रविवारी प्राध्यापकांच्या सभेत सर ते वाचणार होते, भाऊजींचं नाव घेऊन. भाऊजींनी नवा शर्ट आणला.

मी रोज देवापुढे कबूल करायचे. पण देवाला ते ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते भाऊजींना. काल त्या शर्टाला इस्त्री करताना हात चालेना, सांगून टाकलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "ठोकलीत त्याआधी किती वर होती?"

"मी कुठे मोजली? इथे लागली होती." घोट्यावर खपली अजून होती.

"पायात चप्पल?"

"देवाची फुलं मी अनवाणीच काढते."

ते पट्टी घेऊन माझ्या पायाशी बसले. मी मागे सरले.

"हलू नका, वहिनी."

मी डोळे मिटून घेतले. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

मग त्यांनी सरांना फोन लावला. "सर, सातवीचं वाचू नका. चूक माझ्याकडून झाली."

त्यांच्या वहीत आता लिहिलंय, "आठ सेंटीमीटर, अंदाजे." अकरा वर्षांच्या त्या वहीत 'अंदाजे' दुसरीकडे कुठेही नाही. इस्त्रीचा शर्ट त्यांनी स्वतःच घडी करून कपाटात ठेवला.