दीड सूत तडा

जुन्या इमारती जपण्याचं शिक्षण घेऊन मी परदेशातून परत आले, तेव्हा वाटलं होतं, आमच्या शहरातल्या जुन्या रेल्वे स्टेशनाचे पिवळे पडलेले नकाशे मिळतील, बांधणाऱ्यांच्या सह्या सापडतील. मिळाले ते किस्से! रेल्वेच्या कचेरीत नकाशे मागायला गेले, तर तिथल्या बाबूंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"मॅडम, स्टेशन समोरच उभं आहे की. बघून काढा!"

मग बघून काढायला बसले. वहीच्या पुढच्या बाजूने मोजमापं लिहीत होते, मागच्या बाजूने किस्से. मागची बाजू आधी भरली.

प्रश्न साधा होता. तीन कमानींचा दगडी तिकीट हॉल आणि त्याला लागून असलेली वेटिंग रूम नव्या स्टेशनात ठेवायची की पाडायची? ते ठरणार होतं आमच्या तळवड्याच्या फर्मच्या अहवालावर. पाहणी माझी, सहीही माझी. ही इमारत पाडू द्यायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पण मनात पक्कं असणं म्हणजे पुरावा नव्हे.

*

तिकीट हॉलमधल्या बाकावर रोज सकाळी रिटायर्ड कामगारांचा कट्टा भरतो. त्यातले कांबळेकाका पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते. पहिल्याच दिवशी मी कट्ट्याला कमान कशी उभी राहते ते समजावून सांगितलं. माथ्यावरचा एक मधला दगड दोन्ही बाजूंचं वजन कसं तोलून धरतो, वगैरे. अर्धा तास!

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "छान सांगितलंत ताई. फक्त तिसऱ्या कमानीत तो दगड नाहीये."

मी वर पाहिलं. माथ्यावर खरंच दोन दगड एकमेकांना भिडले होते.

"तरी उभी आहे बघा, तुम्हाला न विचारता!"

*

चाकणकडच्या शेवंताबाई स्टेशनाबाहेर मेथी-कोथिंबीर विकतात. त्यांनी विचारलं, "काय लिव्हतीस गं?"

मी वाचून दाखवलं, "ही इमारत इंग्रजांनी बांधली."

जुडी बांधता बांधता त्यांचा हात थांबला. "इंग्रजानं दगड उचालला व्हय? माझ्या आजेसासऱ्याची पाठ गेली हितं. इंग्रजानं निस्तं बोट दावलं आसंल!"

मी ते वाक्य तिथल्या तिथे खोडलं. पाठीचा कागदोपत्री पुरावा नाही. बोटाचा तरी कुठे आहे?

*

वेटिंग रूमच्या भिंतीत, डोक्याच्या बरंच वर, लोखंडी हुकांची रांग आहे. त्यावर मी तीन पानं लिहिली. साहेबांच्या टोप्या, कंदील, घोड्यांचे लगाम, एकेका शक्यतेला एकेक पान. मग अभिमानाने काकांना वाचायला दिली.

काकांनी चष्मा लावून तिन्ही पानं वाचली आणि घडी घालून परत दिली.

"उंदीर."

"म्हणजे?"

"डबे टांगायचो आम्ही. खाली ठेवले की उंदीर खायचे!"

*

आता तड्याबद्दल. वेटिंग रूमच्या उत्तरेच्या भिंतीला एक उभा तडा आहे. तो वाढत असेल तर इमारत धोकादायक, आणि मग सगळंच संपलं. मी लेझरचं यंत्र काढेपर्यंत काकांनी खिशातून पट्टी काढून मापही सांगितलं, "दीड सूत."

मी तसंच लिहिलं. संध्याकाळी सरांचा फोन. सर म्हणजे फर्मचे मालक, बाहेरून आलेले. "भिंतीतून सूत निघतंय? कापसाचं?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकांनाही फोनची हकिकत सांगितली.

"पिंपरी-भोसरीत सूत न कळणारा माणूस?" काका कट्ट्याकडे वळले. "राव, इमारत राहू द्या. आधी या सरांना जपून ठेवा!"

*

शेवटी सर स्वतः आले. भिंतीपासून दहा हात लांब उभे राहिले. अहवालाच्या मसुद्यात त्यांनी आधीच लिहून आणलं होतं, 'तडा वाढतो आहे.' मला म्हणाले, "पाडणं सगळ्यांच्या सोयीचं आहे. उद्या सही करून पाठव."

"पण वाढतोय कशावरून?"

"वाढत नाही कशावरून?"

आमच्या मागोमाग आत आलेले काका पुढे झाले. भिंतीवरचा जुना नोटीस बोर्ड त्यांनी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. मागे तड्यावर आडवी एक अरुंद काचपट्टी होती, दोन्ही टोकं सिमेंटने घट्ट बसवलेली. सिमेंटमध्ये खिळ्याने तारीख कोरलेली.

"माझी थोरली झाली त्या वर्षीची," काका म्हणाले. "आता तिची पोरगी कॉलेजात आहे. तडा केसभर जरी हलला असता ना, तरी काच तडकली असती."

काच अख्खी होती. मी बोट फिरवून पाहिलं. सर दहा हात पुढे आले, त्यांनीही फिरवून पाहिलं. मग ताठ होत विचारलं, "ही कुणाच्या ऑर्डरने लावली?"

"भीतीच्या," काका म्हणाले. "पहिल्या शिफ्टच्या गाडीसाठी रोज या भिंतीखाली उभा राहायचो, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या मसुद्यातल्या 'वाढतो आहे'मधला 'वाढतो' खोडून वर 'स्थिर' लिहिलं. मग 'निरीक्षण कोणी केले' या रकान्यातलं माझं नाव आणि त्यापुढच्या दोन्ही पदव्या खोडून तिथे लिहिलं, 'कांबळे, फिटर'. खाली 'मदतनीस' असं लिहून मी सही केली आणि अहवाल पाठवून दिला.