दोरी टेकली का?

भातकुली रोडला आमच्या घरामागे जी मोकळी जागा आहे, तिथे बाबांचा ट्रक कित्येक वर्षं उभा होता. जुन्या बांधणीचा, बॉनेट पुढे आलेला, लांब तोंडाचा. एके काळी त्याने अचलपूरकडची संत्री आणि आसपासच्या खेड्यांतला भाजीपाला अमरावतीच्या बाजारात आणून टाकला. तशाच भाजीचं दुकान मी आज मांडून बसते. आता त्याला पासिंग मिळत नव्हतं, सुटे भाग मिळत नव्हते आणि बाबांच्या अंगात तो ओढायची ताकद राहिली नव्हती. शेवटी अकोल्याच्या एका भंगारवाल्याला तो द्यायचं ठरलं. ठरवलं मीच. बाबा "दे" एवढंच म्हणाले आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

भंगारवाला फोनवर म्हणाला, टोचन लावून आणून टाका. म्हणजे दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून ओढत. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. ते भडकले.

"टोचन मेलेल्या गाडीले लावतेत. हे मेली नाई अजून. मी नेतो चालवत अकोल्यापर्यंत, अन् तिथी मीच बंद करतो."

मेली नव्हती हे खरं, पण मरायला टेकली होती. तिचा डायनामो जाम झाला होता. ज्या पट्ट्यावर डायनामो फिरतो त्याच पट्ट्यावर रेडिएटरचा पंखा आणि पाण्याचा पंप फिरतो. पट्टा अडला की इंजिन तापून बडनेऱ्याच्या आतच बसणार. तो डायनामो दुरुस्त करून द्यायला अमरावतीत कुणी तयार होईना. मग त्याच्या जागी बसवायला एका मोडीत निघालेल्या गाडीचा अल्टरनेटर बाबांनी मिळवला आणि वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्टीचं ब्रॅकेट करून घेतलं. भंगारात जाणाऱ्या गाडीला हा थाट कशाला, असं वेल्डिंगवाल्याने विचारलं. मीही तेच विचारलं होतं, जरा जास्त आवाजात.

नवं ब्रॅकेट बसवणं म्हणजे नुसते बोल्ट आवळणं नव्हे. इंजिनची खालची पुली आणि अल्टरनेटरची पुली एका ओळीत आल्या पाहिजेत. थोडा जरी फरक राहिला तरी पट्टा तिरका धावतो, किंचाळतो, घासून घासून शेवटी उडतो. बाबांची रीत जुनी. रेडिएटर काढून ठेवायचा, सुताची दोरी खालच्या बाजूला एका बोल्टला बांधायची, खालच्या पुलीच्या तोंडावरून ताणून वर अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत आणायची. दोन्ही पुल्यांच्या काठांना दोरी सगळीकडे टेकली म्हणजे ओळ जमली. नाही टेकली तर ब्रॅकेटमागे वायसर घालायचा किंवा काढायचा. वरचं टोक मी धरायचं आणि बाबांनी वाकून बघायचं. तरुणपणी लोखंडाचा कण उडून त्यांचा उजवा डोळा नावापुरता उरला होता. तो मिटून ते डाव्या डोळ्याने दोरीच्या रेषेत बघत. आई होती तेव्हा वरचं टोक ती धरायची आणि हात दुखला की बाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तिच्यानंतर हे काम माझ्याकडे आलं, आणि जीभही बहुधा तिचीच आली.

दुपारी दुकान झाकून मी आले की आमचं सुरू व्हायचं.

"टेकली का?" मी विचारायची.

"टेकली. कस."

मी बोल्ट कसायची, बाबा गाडी सुरू करायचे, आणि पट्टा असा किंचाळायचा की समोरच्या घरातली बाई खिडकी लावून घ्यायची. पुलीभोवती काळी पूड जमायची. एकदा तर पट्टा उडून पंख्याच्या पात्यात अडकला. बाबा म्हणाले ब्रॅकेट वाकडं आहे. वेल्डिंगवाला येऊन पाहून गेला, म्हणाला ब्रॅकेट सरळ आहे. मग बाबांनी वायसरला दोष दिला, पट्ट्याला दिला, शेवटी मला दिला.

"तू दोरी ढिल्ली धरून राहिली."

"मी ढिल्ली धरतो? या इकडं, तुमीच धरा."

अशाच एका दुपारी मी कंटाळून दोरी धरली होती. हाताला घाम होता. बाबा खाली वाकले, उजवा डोळा मिटला, डावा रेषेत आणला. तेवढ्यात दोरी माझ्या बोटांतून निसटली आणि खाली मातीत पडली. मी उचलायला वाकणार, तोच बाबा म्हणाले,

"आता बराबर टेकली. कस बोल्ट."

मी तशीच उभी राहिले. दोरी त्यांच्या चपलेजवळ पडली होती. बाबा अजून त्या रेषेत बघत होते, जिथे काहीच नव्हतं.

मी बंपरवर बसले. पाना खाली ठेवला.

"बाबा, कधीपासून?"

त्यांनी खिशातून फडकं काढून बराच वेळ हात पुसले. मग म्हणाले, "दसऱ्यापासून."

दसऱ्याला गाडी धुऊन, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून, झेंडूचा हार घालायची आमच्याकडे पद्धत. स्वस्तिक दर वर्षी बाबाच काढत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. या वर्षी म्हणाले, तू काढ, माहे हात ओले आहेत. मी काढलं आणि दुकानावर निघून गेले.

डॉक्टरकडे ते मला न सांगताच जाऊन आले होते. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांना सांगितलं होतं. हे सगळं त्यांनी भाव सांगावा तसं सांगितलं.

मला राग आला. मला आधी रागच येतो, बाकीचं मागून येतं.

"अन् हे गाडी तुमी चालवत अकोल्याले नेणार होते?"

"रस्ता पाठ आहे मले."

"रस्ता पाठ असन. रस्त्यावरचे माणसं पाठ आहेत का?"

मी ट्रकच्या मागे गेले आणि फाळक्याला डोकं टेकवून रडले. ते त्यांना दिसणार नाही हे लक्षात आलं आणि आणखी रडू आलं.

मला वाटलं, आता हे टोचनला हो म्हणतील. पण दुसऱ्या दुपारी मी आले तर बाबा बॉनेट उघडून उभे होते, दोरी हातात.

"तू डोयानं पाय. मी नखानं पायतो."

मी दोरी ताणली. त्यांनी अंगठ्याचं नख दोरी आणि पुलीच्या काठामध्ये घातलं आणि हळूहळू फिरवत नेलं. वरच्या पुलीवर नख आत शिरलं. "एवढं अंतर होतं?" ते स्वतःशीच म्हणाले. आम्ही वायसर वाढवला. पुन्हा नख. एक पातळ वायसर आणखी. मग नख कुठेच शिरेना. मी बोल्ट कसला, रेडिएटर परत बसवला. गाडी सुरू झाली तेव्हा बाबा मान तिरकी करून ऐकत राहिले.

"आता बोंबलत नाई," म्हणाले. तोंडावर समाधान काही दिसलं नाही.

गाडी न्यायला गल्लीतला एक ओळखीचा ड्रायव्हर तयार झाला. निघायच्या सकाळी बाबा सवयीने स्टेअरिंगच्या बाजूने चढले. बसले. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. ड्रायव्हर खाली उभा राहून माझ्याकडे बघायला लागला. मी काहीच बोलले नाही, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं ते मलाच माहीत. मग बाबा आपणहून डावीकडे सरकले.

मी मध्ये बसले. बडनेरा गेलं. बाबा सांगत होते, पुढं उतार आहे, गिअर पाड. आता लिंबाची झाडं येतीन, तिथून वळण लय वाईट आहे. ड्रायव्हर भला माणूस, प्रत्येक वेळी "हो काका" म्हणत होता. उतार नव्हता. झाडं नव्हती. तिथे आता चौपदरी रस्ता झाला होता, सपाट आणि सरळ. बाबांना पाठ असलेला रस्ता केव्हाच उखडला गेला होता, आणि हे मी त्यांना सांगितलं नाही. मूर्तिजापूरला पाणी घालायला थांबलो, तर रेडिएटर भरलेलाच होता. इंजिन जराही तापलं नव्हतं.

अकोल्याला भंगारवाल्याच्या आवारात कापलेल्या केबिनी एकीवर एक ठेवल्या होत्या. एक माणूस गॅसचं नळकांडं ढकलत आला आणि गाडी कुठे लावायची ते हाताने दाखवलं. ड्रायव्हरने गाडी लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरला. बाबा मला ओलांडून सरकत सरकत स्टेअरिंगमागे जाऊन बसले.

"उतर. बॉनेट उघड. पट्टा पाय."

मी उतरले, बॉनेट उचललं. पंखा फिरत होता. पट्टा खोबणीतून इतका सरळ धावत होता की जागेवर उभा आहे असं वाटावं. पूड नाही, आवाज नाही.

"सरळ आहे, बाबा."

बाबांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. माझ्या थोडं बाजूला बघत विचारलं,

"खरं सांगून राहिली, का माह्यासारखं खोटं?"

"खरं, बाबा."

मग त्यांचा हात आत गेला, इंजिन बंद करायची दांडी त्यांना न चाचपता सापडली आणि त्यांनी ती ओढली. पंखा थांबेपर्यंत मी पट्ट्याकडेच बघत राहिले. तो शेवटपर्यंत सरळ होता, आणि ते बाबांना दाखवायची काही सोय नव्हती.