खुंटाची कविता

बाबाजीने भाट्ये गावाच्या पुढल्या एका रोपवाटिकेत चाळीस वर्षं आंब्याची कलमं बांधली. रायवळ कोयीला कोंब आला की त्याचा शेंडा छाटायचा, हापूसची काडी खोचून पट्टी आवळायची. मग जोडाखालून खुंटाला, म्हणजे खालच्या रायवळ रोपाला, फुटवा आला रे आला की नखाने खुडायचा. तिथे दया दाखवली तर खुंट माजतो आणि हापूस मरतो. हात असा की शंभरातली नव्वद कलमं जगणारच. त्याचा गर्व होताच, त्यात साठीनंतर कवितेचं खूळ शिरलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून प्रत्येक कविता बायको, शालन, सुवाच्य उतरून द्यायची.

रविवारी वाचनालयातल्या बैठकीत श्रद्धाबाई नावाच्या शिक्षिकेने त्याची 'खुंट' मोठ्याने वाचली:

खालून फुटलं ते खुडत आलो,
वरचं पान हिरवं राहिलं.
मुळाला कुणी विचारलं नाही,
तुझं नाव काय होतं म्हणून.

"काका, ही काकूंवर लिहिलीत ना?"

बाबाजी हसला. "आंब्यावर लिवलंय, बाई."

"मग आंब्याला नाव कोण विचारतं?"

सगळे हसले.

घरी जाताना भाट्याच्या पुलावर मात्र बाबाजीच्या मनात जुनं सगळं वर येऊ लागलं. खेडची दहावी पास कमळा. लग्नात त्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'शालन' लिहिलं आणि कमळा संपली. बालवाडीवर तिची नेमणूक झाली, तेव्हा तो म्हणाला, "घरात काय कमी हाय?" बचतगटाने तिला अध्यक्ष केलं, तेव्हाही तेच. आपण वाईट कधी वागलो? हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. तरी कवितेतल्या ओळी पाठ सोडेनात. आपल्याच हाताने लिहावं आणि आपल्यालाच पत्ता नसावा, म्हणजे चोर सापडला तो आपल्याच घरात! कविता शालनने उतरून दिली होती. तिलाही तसंच वाटलं असेल तर? तिने एकदा 'नाय हो' म्हटलं की जीव भांड्यात पडणार होता.

शालन ओटीवर कोळंबी सोलत बसली होती. तो पायरीवरूनच बोलला, "लोकांना कामधंदा नाय. मी कलमांवर लिवलं, तर श्रद्धाबाईला त्यात तू दिसलीस!"

शालनचे हात थांबले.

"म्हंजे, ती माफी नव्हती?"

"कसली माफी?"

तोंडातून शब्द गेला आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

"काय नाय," ती म्हणाली. "मला वाटलं, तोंडानं जमत नाय म्हणून लिवलीत. एक वाचनालयाला दिली, एक माझ्यासाठी उतरून पेटीत ठेवली."

होती, माफीच होती, असं आता म्हणावं असं त्याच्या फार मनात आलं. पण तिच्या तोंडाकडे बघून ते खोटं त्याच्याने बोलवेना. शालनने भांडं उचललं, हात धुतले आणि ती आत गेली.

आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.