आजीचं हसू कोणत्या कॅमेऱ्यातलं

माझं अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर हातात पेन आलं ते सही करायलाच. ओळी वर-खाली जातील. तरी लिहिते, कारण हे तोंडाने माझ्याच्याने होणार नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही. देवापुढे उभी राहिले तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी बोलून परत आले. तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही — पण कोणीतरी आहात, आणि रागावून मधेच उठून जाणार नाही, असं धरून चालते.

कुठून सुरू करू? कॅमेऱ्यांपासून करते. ते सोपं आहे.

बुऱ्हाणपुरात एका फोटो स्टुडिओत मी कितीतरी वर्षांपासून कामाला आहे. आधी झाडू-पोछा करायची. मग मालकांनी — त्यांना आम्ही भाऊ म्हणतो — अल्बम चिकटवायला बसवलं. पुढे कार्डातले फोटो कंप्युटरवर उतरवायला शिकवलं. पुरुष गिऱ्हाईक आलं की मी आजही पडद्यामागे जाते. पण फोटो बघायला कुठे बोलावं लागतं? लग्नंच्या लग्नं माझ्या डोळ्यांखालून गेली. कोणता फोटो चांगला, कोणता नुसता साफ, हे मला कळायला लागलं. कळतं हे मात्र मी कोणाला कळू दिलं नाही. बाईला थोडं काही येतं म्हटलं की लोक विचारायला लागतात. मला विचारलेलं सोसत नाही.

स्टुडिओत एक जुना कॅमेरा होता. शिकाऊ लोक घेतात तसला, स्वस्तातला. बटणांवरची अक्षरं झिजून गेलेली. त्याच्या आत आरसा असतो, फोटो काढताना तो वर उडतो — खट्. अंधारात त्याचे फोटो रवा सांडल्यासारखे कणीदार यायचे. पण बॅटरी दोन-दोन दिवस पुरायची. तो मीना चालवायची. मीना म्हणजे आमची फोटो काढणारी पोरगी, तेव्हा विशीतली. हळद, मेंदी, नवरीची खोली — जिथे बायका बाहेरच्या पुरुषाला येऊ देत नाहीत, तिथे मीनाच जायची. मी तिची बॅग धरायला जायची.

मग भाऊंनी हप्त्यांवर नवा कॅमेरा आणला. मोठे फोटोग्राफर वापरतात तो, बिनआरशाचा. छिद्राला डोळा लावला की आत छोटा टीव्हीच! फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. माणसाच्या डोळ्यावर एक चौकोन जाऊन बसतो आणि माणूस हलला तरी सुटत नाही. एका बोटात वीस-वीस फोटो. अंधारातही रवा नाही. आणि आवाज — अजिबात नाही. बॅटऱ्या मात्र दुपारपर्यंत संपायच्या. भाऊ त्याला पोरासारखं मांडीवर घेऊन बसायचे. "पुष्पा, हा जादू आहे जादू," म्हणायचे. खोटं नव्हतं ते. मी फोटो उतरवायची, मला दिसत होतं.

पण मला आणखी एक गोष्ट दिसत होती. मीनाची एक खोड होती. ती आधी एक खट् उगाच करायची. बायका त्या आवाजाची वाट बघत अवघडून उभ्या असतात — पदर सारखा, पोट आत, ओठ मिटलेले. खट् झालं की वाटतं, सुटलो. खांदे खाली येतात, कोणी कोणाला चिमटा काढते, हसू फुटतं. मीना तेव्हा दुसरं खट् करायची. तिचे सगळे चांगले फोटो दुसऱ्या खट्‌चे. नव्या कॅमेऱ्याला आवाजच नाही. भाऊ फोटो काढत राहायचे, बायकांना कळायचंच नाही की काढून झाला. मग त्या तशाच अवघडलेल्या — विसाच्या वीस फोटोंत.

निंबोल्याला एका केळीवाल्यांच्या घरी लग्न होतं. हळद अंगणात, सकाळच्या लख्ख उन्हात. नवरीची आजी पाटाशेजारी बसलेली. तिला पुढचे दात नव्हते, कॅमेरा दिसला की तोंडावर हात जायचा. भाऊंना नवा कॅमेरा दाखवायची हौस. घरच्या बायकांना विचारून तेही आत आले आणि मीनाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. दोघं एकाच वेळी, एकाच जागेवरून.

"आज्ये, हात काढ की," मीना म्हणाली.

"तुला काय, तुझं लगीन व्हायचंय. माझं झालं, दात बी गेले!" आजी म्हणाली आणि हात तसाच.

खट्. आजीला वाटलं झालं. हात खाली आला आणि ती जी हसली — अख्खं बोळकं तोंड, हळदीचं बोट गालावर. दुसरं खट्.

मी तिथेच होते, बॅग धरून, दोन हातांवर.

भाऊंना स्टुडिओच्या दारात दोन मोठे फोटो लावायचे होते. एकाच हळदीचे — खाली एक चिठ्ठी 'पुराना कॅमेरा', दुसरी 'नया कॅमेरा'. गिऱ्हाईक बघेल आणि नव्याचे जास्त पैसे देईल. त्यांनी कंप्युटरवर आजीचे फोटो उघडले. भाऊंच्या सगळ्या फोटोंत तोंडावर हात होता, हात खाली आला तेव्हा भाऊ बॅटरी बदलत होते. हसणारी आजी एकच. भाऊ बघतच राहिले. मग मला हाक मारली. "पुष्पा, कार्ड तू उतरवली ना? हा आपल्या नव्याचा आहे ना?"

उन्हात दोन्ही कॅमेऱ्यांचं सारखंच येतं. हळद तेवढी जुन्यात जरा तांबूस दिसते. तेही बघणाऱ्यालाच. कंप्युटरमध्ये आत शोधलं असतं तर कॅमेऱ्याचं नाव निघालं असतं, पण भाऊंना शोधायचं नव्हतं. त्यांना हो ऐकायचं होतं.

मी हो म्हटलं.

इथे थांबले असते तर? तर मी स्वतःला म्हटलं असतं — घाबरट आहेस, मालकापुढे जीभ वळली नाही. पण दुसऱ्या दिवशी फोटो दारात लागले — हसणारी आजी 'नया'च्या चिठ्ठीवर, तोंड झाकलेली 'पुराना'च्या — आणि मीना आली. ती बराच वेळ उभी राहिली. चिठ्ठ्या वाचल्या. मग आत आली.

"भाऊ, चिठ्ठ्या उलट्या लागल्या. हसणारी आजी माझी आहे."

"अगं जा ना! तुझ्या त्या डब्यातून असा फोटो येतो का?" भाऊ हसले.

"मावशीला विचारा. मावशी, तुम्ही तर शेजारी होता. दोनदा खट् केलं मी. सांगा ना."

दोघं माझ्याकडे बघत होते. तुम्हाला काय वाटतं, मी काय बोलले असेन? मी पदर ओढला आणि म्हणाले, "मला काय कळतं गं त्यातलं. मी चौथी शिकलेली बाई. भाऊंच्या कार्डात होता, एवढंच ठाऊक."

जे मला या जगात खरोखर कळत होतं ते एकच होतं — आणि त्याच्याबद्दलच मी म्हणाले, मला कळत नाही. माझं अडाणीपण मी ढालीसारखं पुढे धरलं. मीना माझ्याकडे बघत राहिली. तिला राग नव्हता आला. तिला शंका आली. स्वतःचीच. ते मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं, आणि गप्प राहिले.

भीती होती असं मी वर्षानुवर्षं धरून ठेवलं. भीती नव्हती. आता लिहितेच — मला तो जुना कॅमेरा हवा होता. बॅग धरताना मी कितीदा झाकण काढून त्यात बघितलं होतं. मीना म्हणायची, "घ्या ना मावशी, दाबून बघा," आणि मी नको नको करायची. मनात मात्र यायचं, ही नसती तर हा माझ्या हातात असता. भाऊंनी विचारलं तेव्हा हेच माझ्या मनात होतं. हो म्हणायच्या आधी होतं.

आणि झालंही तसंच. भाऊ म्हणाले, जुन्याचं काम बंद. मीना तो कॅमेरा त्यांच्याकडून विकतच घेत होती. बारा हजार ठरले होते, दर कामामागे पाचशे कापून नऊ हजार फिटले होते. ती म्हणाली, मग माझे पैसे द्या. भाऊ म्हणाले, सीझनच्या मधेच सोडून चाललीस, लेन्स एकदा पाडलीस, हिशेब बरोबर झाला. ती रडली नाही. भाऊंना एक सणसणीत शिवी दिली आणि गेली. पुढे एका मॅचिंग सेंटरमध्ये अस्तराचं कापड फाडायला लागली.

दोन महिन्यांत बायकांनी भाऊंना हळदीतून बाहेर काढलं. "बाई पाठवा," म्हणाल्या. भाऊंनी कपाट उघडलं आणि जुना कॅमेरा माझ्या हातात दिला. कामाला सातशे. मी आनंदाने घेतला — हेही लिहिते. पहिल्या हळदीला मी एक खट् उगाच केलं, मग दुसरं. लोक म्हणतात, पुष्पाबाईंच्या हाताला काहीतरी आहे. काय आहे? चोरलेलं आहे. हसणारी आजी चार वर्षं दारात होती. मी रोज तिच्यावरून फडकं फिरवत होते.

मग मीनाला पैसे द्यायचे ठरवले. खरं सांगून द्यायचे असं घरून निघताना ठरलेलं असायचं. वाटेतल्या सिंधीपुऱ्यापर्यंत तोंडात वाक्य असायचं. तिच्या दुकानात पोचले की म्हणायची, "भाऊंनी दिलेत. म्हणाले, पोरीचे राहिले होते." कधी पाचशे, कधी हजार. पहिल्यांदा तिने नोटा दोनदा उलटून बघितल्या. म्हणाली, "या कंजूसाला काय झालं? मरायला टेकला का?" भाऊंना फोन करते म्हणाली, तर मीच अडवलं — नको, त्यांना लाज वाटते, ते विषयही नको म्हणतात. एक खोटं झाकायला किती पसरावं लागतं! दर वेळी गेले ती खरं बोलायला, आणि आले ती आणखी एक खोटं बोलून.

मागच्या आठवड्यात शेवटचे पाचशे दिले. मीनाने गल्ल्याशेजारच्या डायरीत लिहिलेलं होतं, बेरीज केली. मला स्टूल दिलं, चहा मागवला.

"बघा मावशी, पुरे नऊ झाले," ती म्हणाली. "भाऊ मनाने वाईट नव्हते. मीच इतकी वर्षं शिव्या देत बसले." मग अस्तराचा तागा गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तो आजीचा फोटो त्यांचाच असेल. मलाच तसं वाटलं असेल तेव्हा. वय असतं ना."

मी चहा प्यायले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कप बशीत ठेवला आणि निघाले.

नऊ हजार पूर्ण दिले.