निळी नदी, तांबडा रस्ता

"मॅडम, सही करून टाका, टेम्पो ताटकळलाय," आमचे साहेब म्हणाले.

टेम्पोत अंध मुलांसाठीचे नकाशे होते. टॅक्टाइल, म्हणजे हाताने चाचपून वाचायचे. मी स्पेशल एज्युकेटर. वेगळ्या गरजा असलेल्या मुलांना शिकवायचं आणि त्यांच्यासाठी आलेल्या साहित्याला नावं ठेवायची, हे माझं काम. दुसरं जास्त जमतं.

नाशिक जिल्ह्याचा हा नकाशा कमिटीने चहा पिता पिता नुसता बघून पास केला होता. अंधांचा नकाशा, बघून! मी म्हटलं, आधी जनीला दाखवू.

जनी सुरगाण्याची. जन्मापासून दिसत नाही. इथे नाशकात मागच्याच गल्लीत होस्टेलला राहते, सहावीत शिकते. भूगोलाच्या तासाला तिला वर्गाबाहेर बसवायचे, कारण हातात द्यायला काही नव्हतं.

जनीने सावकाश हात फिरवला आणि थांबली. "बाई, ही नदी का रस्ता?"

दोन्हींना एकच सुतळी चिकटवलेली. नकाशे बनवणारे खैरनार सातपूरहून आले होते. ते समजुतीने म्हणाले, "सोप्पं आहे बेटा. नदी निळी, रस्ता तांबडा."

"मला नाय दिसत, काका."

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "नाही मामापेक्षा काणा मामा बरा. परत पाठवले तर पोरगी वर्षभर बाहेरच बसेल."

हे खरं होतं. तरी म्हटलं, "काण्याला एक डोळा तरी असतो, साहेब." आणि जनीला विचारलं, "चालेल का गं असा?"

"घरी पोहत जायचं का जीपनं, तेवढं तरी कळू द्या."

मी सही केली नाही. खैरनार तणतणले, पण दुसऱ्या दिवशी कापडा-कागदाचे पिशवीभर तुकडे घेऊन आले. जनीने नदीला रिबीन निवडली, रस्त्याला पॉलिशपेपर.

"इतका खरखरीत कशाला?" खैरनारांनी विचारलं.

"आमच्याकडचा असाच हाय. जीपमध्ये बसून बघा."

महिन्याभरात नवे नकाशे आले. या वेळी मी कमिटीच्या डोळ्यांना रुमाल बांधले. साहेबांनी नकाशा उलटा धरून सुरगाणा शोधायला घेतलं. जनीने आधी तो सुलटा केला, मग त्यांचं बोट धरून नेमकं ठेवलं. आता ती भूगोलाला वर्गात बसते.

धडा एवढाच, की वस्तू ज्याच्यासाठी आहे त्याला आधी बोलवावं. चहा मागाहून सांगितला तरी चालतो.