पालथा घातलेला त्रिकोण

निकम सर गेल्याचं शाळेच्या शिपायाने माझ्या चित्रकलेच्या तासाला येऊन सांगितलं. हातातला ओला ब्रश तसाच धरून मी उभा राहिलो. दीड महिना झाला त्याला. मन अजून थाऱ्यावर नाही, आणि ते नुसत्या दुःखाने नाही...

नाशिकच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत. स्टाफरूममध्ये शेजारी बसून आमची वीस वर्षं गेली. शेजारी म्हणायचं एवढंच, कारण हा माणूस दोन मिनिटं एका जागी बसायचा नाही. चहासुद्धा उभ्यानेच. चाळिशी उलटल्यावर त्यांनी बाहेरून एम.ए.ला नाव घातलं, तेही गणितात. आम्ही भरपूर चिडवलं. "मुलगी मॅट्रिकला आणि बाप एम.ए.ला?" ते म्हणायचे, "अहो, जे शिकवतो ते मला तरी कळलंय का, बघायचंय एकदा." पहिल्या खेपेला नापास झाले. पुन्हा बसले.

त्या अभ्यासातच एका रविवारी सकाळी भूमितीचं जाडजूड पुस्तक छातीशी धरून ते माझ्या दारात आले. "सिंधूचं बरोबर होतं हो! पोरीचं बरोबर होतं!"

सिंधू काही वर्षांपूर्वी आमच्या नववीत होती. निफाडकडची, मामाकडे राहून शिकणारी. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असल्या तर त्यांच्यासमोरचे कोनही सारखे, हे सिद्ध करायला पाठ्यपुस्तकात मधून एक रेघ काढतात. हिने रेघ काढलीच नाही. कागदाचा त्रिकोण कापून आणला, टेबलावर पालथा घातला आणि म्हणाली, "सर, उलटा केला तरी त्याच जागी बसतोय. मग कोन सारखेच ना?" निकम म्हणाले, "त्रिकोण स्वतःलाच आरशात बघतोय होय? रेघ कुठाय? बस खाली." वर्ग खो खो हसला. नंतर सिंधूने कधी हात वर केला नाही. वर्षअखेरीला शाळाच सोडली. आणि तीच सिद्धता, शतकानुशतकं जुनी, निकमांच्या हातातल्या पुस्तकात छापलेली होती.

त्याच दिवशी एस.टी.ने आम्ही निफाड गाठलं. सिंधू सासरच्या द्राक्षबागेत होती. सरांनी तिला सगळं समजावलं, हात जोडून "चूक माझी होती" म्हणाले. तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"सर, तुमी हे तवाच म्हणले असते, तर घरी भांडले असते मी शाळेसाठी. मला वाटलं, आपल्याला डोकंच नाय."

निकम पुढे एम.ए. झाले, पण पेढे वाटले नाहीत. फक्त, कुणाचंही उत्तर खोडण्याआधी विचारू लागले, "हे कसं केलंस? सांग मला." एका उत्तरात अख्खा तास जायचा. हेडमास्तर वैतागायचे.

परवा वहिनींनी त्यांची कंपासपेटी मला दिली. आत सिंधूचा तो टेबलावरच राहिलेला कागदी त्रिकोण होता, कडा मऊ पडलेल्या. कागदावर ठेवून मी त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली, मग तो पालथा घातला. रेघेवर रेघ बसली.

सिंधूने तो वर्गात आणला, त्या दिवशी पुढचा तास माझा होता. रंगपेटी घेऊन मी वर्गाच्या दारातच उभा होतो. सगळ्यांत आधी हसलो तो मी... मास्तर हसले म्हणून मग पोरं हसली. हे मी निकमांना कधी सांगितलं नाही. बागेत त्यांनी एकट्याने हात जोडले, मी शेजारी गप्प उभा राहिलो.

त्रिकोण खिशात आहे. निफाडची गाडी आता मला एकट्याला पकडायची आहे.